खरादाच्या हत्यारांसाठी भिंतीवरची मांडणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांत लाकडी कामाचा खराद, म्हणजे लाकूड फिरवून गोल उतरविण्याचे यंत्र (लेथ), बहुधा घराच्या छपरीत, रिकाम्या कोठ्यात किंवा टिनाच्या शेडमध्ये बसविलेला असतो. पलंगाचे खूर, पाळण्याच्या दांड्या, लाटणी, रव्या आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाके अशा जागी उतरविली जातात. त्यामुळे हत्यारांच्या मांडणीबद्दलचे येथील प्रश्नही शहरातील वर्कशॉपपेक्षा निराळे असतात. भिंत मातीची असते, पायाखाली काळी जमीन असते, उधई असते, पावसाळ्याचे चार महिने हवा ओली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात गेला की तीच हवा भट्टीसारखी कोरडी होते. पुढील उत्तरे बारा हत्यारांची मांडणी डोळ्यांपुढे ठेवून दिली आहेत. मापे फूट, इंच आणि सुतात आहेत, कारण आरागिरणीत तीच चालतात; एका इंचाचे आठ सूत धरावेत.

हत्यारे लाकडी पेटीत ठेवली तर काय बिघडते?

सुताराच्या पटाश्या आखूड असतात; त्या पेटीत किंवा गोणपाटाच्या गुंडाळीत बसतात. खरादाची हत्यारे मुठीसह दीड ते दोन फूट लांब असतात आणि एक नग उतरविताना तीन-चार हत्यारे आलटून पालटून हातात घ्यावी लागतात. पेटीत ती एकमेकांवर घासतात आणि धार जाते. त्याहून वाईट सवय म्हणजे हत्यार खरादाच्या बेडवरच, म्हणजे यंत्राच्या आडव्या पाटावर, ठेवून देणे. यंत्राच्या थरथरीने ते घरंगळत जाऊन पायावर पडू शकते, तेही पात्याकडून.

मांडणी खरादाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर असावी?

खरादासमोर उभे राहिल्यावर हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरविणारे डोके, डाव्या हाताला आणि टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा आधार, उजव्या हाताला येतो. मांडणी टेलस्टॉकच्या पलीकडे, उजव्या भिंतीवर असावी. अनेक जण ती खरादाच्या मागच्या भिंतीवर, अगदी समोर, लावतात. ती दिसायला सोयीची असली तरी तिच्यात दोन दोष आहेत. पहिला असा की, हत्यार घेण्यासाठी फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागतो आणि सदऱ्याची बाही किंवा गळ्यातील दुपट्टा त्यात गुंतू शकतो. दुसरा दोष पटकन लक्षात येत नाही. फिरते लाकूड फुटले तर त्याचे तुकडे खरादाच्या अक्षाला काटकोनात, म्हणजे कारागिराकडे किंवा थेट मागच्या भिंतीकडे, उडतात. त्या माऱ्यात बारा धारदार पाती टांगून ठेवण्यात शहाणपण नाही. मागची भिंत हाच एकमेव पर्याय असेल, तर मांडणी बेडच्या टोकाच्याही उजवीकडे सरकवावी.

उंचीसाठी सरळ नियम आहे. मांडणीत ठेवलेल्या हत्याराची मूठ आपल्या कोपराच्या आसपास यावी आणि पात्याचे टोक डोळ्यांच्या खाली राहावे. साधारण उंचीच्या माणसासाठी खालची पट्टी (जिच्यावर मुठीचे बूड टेकते ती) जमिनीपासून तीन फुटांवर ठेवल्यास हे दोन्ही साधते.

धार वर ठेवावी की खाली?

धार वर आणि मूठ खाली ठेवावी. खरादाच्या हत्यारांच्या मुठी दिसायला सारख्याच असतात. ओळख पटते ती पात्यावरून. नालीदार गाउज, तिरकी स्क्यू, चपटी स्क्रेपर आणि अरुंद पार्टिंग ही हत्यारे धार वर असेल तरच एका नजरेत वेगळी दिसतात. धार खाली असेल तर दर वेळी एखादे हत्यार उपसून पाहावे लागते, आणि ताजी लावलेली धार तळाला आपटते ती वेगळीच.

धार वर ठेवण्यात धोका आहे, हे मान्य आहे. म्हणून पाती मागे, भिंतीकडे झुकलेली असावीत आणि मांडणीच्या वर दुसरी फळी किंवा खुंटी मुळीच नसावी. वरची वस्तू काढताना मनगट पात्यांवरून जाते आणि अपघात तेथेच होतो. घरात लहान मुले असतील तर काय करावे, याचे उत्तर पुढे वेगळे दिले आहे.

मांडणीची मापे काय असावीत?

चौकट तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच असावी. अडीच इंच रुंद व एक इंच जाड अशा तीन उभ्या पट्ट्या घ्याव्यात, दोन कडांना आणि एक मध्ये. त्यांच्यावर दोन आडव्या पट्ट्या फडताळाच्या फळीसारख्या, पुढे आलेल्या बसतात. मागे अखंड फळी लावू नये. फळीमागे ओल कोंडते, कोळ्यांची जाळी होतात आणि उधई चढत असल्याचे दिसतही नाही.

खालची आडवी पट्टी साडेचार इंच रुंद घ्यावी आणि तिच्याखाली तिन्ही उभ्या पट्ट्यांना त्रिकोणी टेकू द्यावेत. या पट्टीत तीन-तीन इंचांवर बारा छिद्रे पाडावीत. पहिले आणि शेवटचे छिद्र कडेपासून दीड इंचावर येते, म्हणजे तीन फुटांत बारा हत्यारे नेमकी बसतात. संपूर्ण मांडणीत महत्त्वाची बाब हीच आहे : छिद्र मुठीपेक्षा लहान, साधारण एक इंच व्यासाचे आणि आरपार असावे. दीड इंची मुठीचे गोलसर बूड त्यावर बांगडीवर अंडे बसावे तसे बसते, हलत नाही, आणि वरून पडणारा भुसा व छिलपे छिद्रातून खाली निघून जातात. छिद्राची वरची कड गोल कानशीने दोन सूत उतरवून घ्यावी.

या आग्रहामागे स्वतःची चूक आहे. माझ्या पहिल्या मांडणीत मी खालच्या पट्टीत बंद बुडाच्या गोल वाट्या कोरल्या होत्या आणि हत्यारे त्यांत धार खाली करून ठेवत असे. त्या आषाढात ओल्या बाभळीचे खूर उतरविण्याचे काम चालू होते. पंधरा दिवस मांडणी झाडली नाही आणि नंतर स्क्यू उचलली तेव्हा तिच्या टोकाचा बोटभर भाग शाईत बुडविल्यासारखा काळा झाला होता. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असते. ओल्या भुश्यातील टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की असा काळा डाग पडतो आणि त्याच्या आड गंज खोल जातो. पाते घासून सरळ करण्यात त्याची दीड सूत लांबी गेली.

वरची आडवी पट्टी तीन इंच रुंद असावी आणि खालच्या पट्टीपासून दहा इंच वर यावी. हिच्यात छिद्रे नव्हे, तर समोरून उघड्या खाचा हव्यात. दीड इंची गिरमिटाने आधी छिद्रे पाडावीत, मग समोरच्या कडेपासून प्रत्येक छिद्रापर्यंत करवतीने दोन काप देऊन मधला तुकडा काढावा. हत्यार समोरून आत सरकते. वर उचलून छिद्रात ओवावे लागत नाही. या खाचेत मुठीची मान येते, पाते नव्हे. पाते पट्टीच्या वर मोकळ्या हवेत राहते आणि कशालाही टेकत नाही.

झुकाव मिळविण्यासाठी दोन्ही पट्ट्यांतील छिद्रांचे मध्य एका ओळंब्यात ठेवू नयेत. खालचा मध्य चौकटीपासून तीन इंचांवर आणि वरचा सव्वा इंचावर घ्यावा. दहा इंच उंचीत पावणेदोन इंचांचा फरक पडला म्हणजे हत्यार सुमारे १० अंश मागे झुकते. झुकाव याहून कमी असेल तर खराद सुरू असतानाच्या थरथरीने हत्यार पुढे येते. फार जास्त असेल तर पाते भिंतीला टेकते.

आमच्या हत्यारांच्या मुठी लहानमोठ्या आहेत. सर्वांना एकच माप कसे चालेल?

वरची पट्टी दहा इंचांवर ठेवण्याचे कारण हेच आहे की बारा ते सोळा इंचांच्या बहुतेक मुठी त्या उंचीला खाचेत सापडतात. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा लोहाराकडून ठोकून व पाणी देऊन घेतलेली गावठी हत्यारे मात्र कधी कधी आठ इंचांच्याच मुठीची असतात. त्यांच्यासाठी एका टोकाच्या दोन-तीन छिद्रांवर लाकडाचा छिद्र पाडलेला गुटका ठेवून बैठक उंच करावी. खाच मुठीच्या पितळी शेंबीवर (पात्याजवळच्या कड्यावर) येऊ देऊ नये. पितळ घासून लाकडाची खाच रुंद होत जाते. जाड मुठीची मोठी हत्यारे तीनऐवजी चार इंचांवर ठेवल्यास बोटे सहज आत जातात.

लाकूड कोणते वापरावे? सागवानच हवे का?

सागवान उत्तम आहेच. तो फुगत-आकसत कमी आणि त्याला उधईही सहजासहजी लागत नाही. आलापल्लीच्या जंगलाचे सागवान नावाजलेले आहे, आणि अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून लाकूड गेले तेही हेच. पण हत्यारांच्या मांडणीसाठी नवा सागवान चिरून घेणे मला उधळपट्टी वाटते. जुन्या घराचे मोडलेले दार, खिडकीची चौकट किंवा पलंगाच्या पाट्या यांतून लागणारे लाकूड निघते. सर्व मिळून ते अर्ध्या घनफुटाच्या आतच असते. जुने लाकूड पुरते वाळलेले असल्यामुळे उन्हाळ्यात वाकतही नाही. नवे लाकूड घेतल्यास आरागिरणीचे बिल जपून ठेवावे, आणि शेतातील सागाचे झाड परवानगीशिवाय तोडू नये.

सागाखेरीज बिजा आणि हळदू चांगले. धावडा आणि तिवस मजबूत असले तरी त्यांत छिद्रे पाडताना गिरमिटाची परीक्षा होते. ते मुठींसाठी राखून ठेवावेत. आंबा व कडुनिंब चालतात, मात्र आंब्याला कीड लवकर लागते. साधे प्लायवुड टिनाच्या शेडमध्ये दोन-तीन पावसाळ्यांतच पापुद्रे सोडू लागते. बांबूच्या उभ्या पट्ट्या हलक्या व स्वस्त पडतात, पण न मुरविलेल्या बांबूतून भुंग्याची पिठी गळू लागली की चौकट आतून पोकळ झालेली असते.

पाण्याच्या पाइपचे उरलेले तुकडे वापरता येतील का?

येतील, आणि शेतावर ते असतातच. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचे चार-चार इंचांचे तुकडे कापून फळीवर स्क्रूने बसविले की काम चालते. त्यांना खाली टोपण मात्र लावू नये. दोन्ही तोंडे उघडी ठेवून बुडाखाली छिद्राची पट्टी द्यावी. पाइपचा खरा दोष असा की तो मुठीपेक्षा बराच रुंद असल्याने हत्यारे आत कलंडतात आणि शेजारच्या पात्यांना लागतात. त्यापेक्षा ठिबकची १६ मिलिमीटरची नळी अधिक उपयोगी आहे. तिचा तुकडा लांबीत एका बाजूने चिरावा आणि वरच्या पट्टीच्या खाचेच्या कडेवर दाबून बसवावा. पट्टीची कड आधी कानशीने थोडी पातळ केली की नळी तिच्यावर घट्ट बसते. मुठी घासत नाहीत आणि खडखडही थांबते.

आमची भिंत मातीची आहे. मांडणी कशी टांगावी?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे पहिले उत्तर असे की भिंतीवर टांगूच नये. मातीच्या भिंतीत ड्रिल लावून गिट्टी, म्हणजे रावल प्लग, ठोकली तर ती हातानेच निघून येते. जुन्या घरांत पांढऱ्या मातीच्या भिंतीतील खुंटीवर बैलाचे जू सुद्धा निर्धास्त टांगले जात असे. ती खुंटी भिंत रचतानाच हातभर आत पुरलेली असे. नंतर ठोकलेल्या खुंटीला ते बळ येत नाही.

जुन्या कवेलूच्या (कौलारू) घरांत छताचा भार बहुधा लाकडी खांबांवर असतो आणि भिंत नुसती आड असते. असे दोन खांब तीन-चार फुटांच्या अंतरावर असतील तर त्यांच्यावर एक आडवी पाटी वर आणि एक खाली स्क्रूने कसून मांडणी त्या पाट्यांवर बसवावी. खांबाला खिळे ठोकू नयेत. वाळलेला जुना खांब खिळ्याने तडकतो. आधी बारीक छिद्र पाडून मगच स्क्रू लावावा.

खांब नसतील तर चौकटीच्या दोन कडेच्या उभ्या पट्ट्या जमिनीपर्यंत लांबवाव्यात आणि चपट्या दगडावर टेकवाव्यात. असे केले की सगळा भार दगड घेतो. भिंतीला फक्त मांडणी पुढे पडू न देण्याचे काम उरते. त्यासाठी वरच्या टोकाला आढ्याच्या वाशाशी किंवा पाटीशी बांधलेली तार पुरेशी होते. कुडाच्या भिंतीलाही हाच उपाय लागू पडतो.

विटांच्या भिंतीत कोणती काळजी घ्यावी?

गिट्टी प्लास्टरमध्ये नव्हे, तर विटेत गेली पाहिजे. प्लास्टर अर्धा ते पाऊण इंच असते. म्हणून चौकटीची जाडी आणि मागचा एक इंची गुटका धरून साडेचार इंची स्क्रू घ्यावा आणि तो विटेत किमान दीड इंच जाईल, असे पाहावे. ड्रिलमधून लाल पूड येत असेल तर आपण विटेत आहोत. राखेच्या विटांत ती करड्या रंगाची येते आणि सिमेंटच्या पुडीशी गल्लत होते, तेव्हा हाताला लागणाऱ्या जोरावरून अंदाज घ्यावा. भुसभुशीत लागले तर तो सांधा आहे. छिद्र इंच-दीड इंच सरकवावे. जुन्या विटा मातीच्या गाऱ्यात रचलेल्या असतील तर सांध्यातील गिट्टी मुळीच धरत नाही. नव्या घरकुलांत स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली छिद्र पाडू नये. आतून वायर गेलेली असू शकते.

काळ्या जमिनीवरील घरांची गोष्ट आणखी वेगळी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंतही तिच्यासोबत हलते व तडा पडतो. मांडणी अशा तड्याच्या दोन्ही बाजूंना कसू नये. वरच्या बाजूला स्क्रू लावावेत आणि खालची बाजू नुसती भिंतीला टेकलेली ठेवावी, म्हणजे भिंत सूतभर सरकली तरी चौकट पिळवटत नाही.

भार किती येतो?

एक हत्यार सरासरी पाऊण किलो धरले तर बारांचे ९ किलो होतात आणि सागवानी चौकट सहा-सात किलोंची भरते, म्हणजे एकूण सुमारे १६ किलो. आठ मिलिमीटरच्या चार गिट्ट्या हे सहज पेलतात. तरीही हिशेब दुप्पट धरावा, कारण तोल गेलेला माणूस मांडणीलाच धरतो. भार भिंतीपासून तीन इंच पुढे असल्याने मांडणी वरच्या स्क्रूंना बाहेर ओढते. चांगली गिट्टी आणि लांब स्क्रू वरच लावावेत.

लोहचुंबकाची पट्टी चालेल का?

स्वयंपाकघरातील सुरीसाठी चालते. खरादाच्या हत्याराची मूठ लांब असते आणि चुंबक फक्त पात्याला धरतो. जरा धक्का लागला की हत्यार फिरून खाली येते. शिवाय ग्राइंडरची लोखंडी पूड चुंबकावर आणि तेथून पात्यावर चिकटते.

उधईपासून मांडणी कशी वाचवावी?

भिंत आणि चौकट यांच्यामध्ये एक इंचाचा गुटका देऊन फट ठेवावी. उधई उजेडात उघड्यावर चालत नाही. ती मातीची नळी बांधत वर येते, आणि फट असली की ही नळी दिसते व झाडूने पाडता येते. महिन्यातून एकदा फटीत बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. चौकटीला जळके ऑइल फासण्याची पद्धत सर्वत्र आहे. भिंतीकडील बाजूला ते ठीक आहे, पण हात लागणाऱ्या पट्ट्यांना फासू नये; मुठी चिकट होतात आणि चिकट मूठ हातात फिरते. फवारणीचे कीटकनाशक मात्र मांडणीला लावू नये, ते दिवसभर हाताला लागत राहील.

पावसाळ्यात हत्यारे गंजतात. मांडणीत काय करता येईल?

मांडणी टिनाच्या सांध्याखाली किंवा पन्हाळीच्या भिंतीवर नसावी, हे पहिले. दुसरे म्हणजे, काम संपल्यावर पाती कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यावा. हाय-स्पीड स्टीलची हत्यारे गंजत नाहीत, असा समज आहे. ती सावकाश गंजतात, एवढेच. गोडे तेल लावू नये. काही दिवसांत ते चिकट होते आणि त्यावर भुसा बसतो.

लाकडाला कोणते तेल द्यावे?

जवसाचे तेल द्यावे. ते आपल्याकडे घाण्यावर मिळते आणि हवेत सुकून लाकडावर थर धरते. पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने उरलेले तेल पुसून टाकावे. पुसलेले फडके चुरगाळून भुश्याच्या ढिगावर कधीही टाकू नये. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती साचून फडके आपोआप पेटू शकते. वैशाखातल्या टिनाच्या शेडमध्ये तर हा धोका अधिकच. फडके अंगणात पसरून पुरते वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

ग्राइंडर मांडणीजवळ ठेवावा का?

धार वारंवार लावावी लागते, म्हणून तो चार पावलांवर असावा. पण त्याच्या ठिणग्यांचा रोख मांडणीकडे आणि तिच्याखाली साचणाऱ्या छिलप्यांकडे नसावा.

घरात लहान मुले आहेत. छपरी उघडी असते. काय करावे?

मांडणीसमोर वरून बिजागरीवर उघडणारी जाळीची झडप बसवावी आणि तिला कडी-कोयंडा द्यावा. अखंड फळीची झडप लावल्यास आत हवा खेळत नाही, म्हणून जाळी बरी. काम करताना झडप वर उचलून हुकाला अडकविता येते; तो हुक पक्का असावा, नाही तर झडप नेमकी मनगटावर येते. झडप बसवायची नसेल तर खालची पट्टी पाच फुटांवर न्यावी, असा सल्ला काही जण देतात. तो मी देणार नाही. पाती मग मोठ्या माणसाच्याच डोळ्यांच्या वर जातात आणि मुले स्टूल आणतात ते आणतातच.

कॅलिपर, चक, सेंटर आणि चाव्या कोठे ठेवाव्यात?

मांडणीच्या वर नव्हे, तर खालच्या पट्टीच्या खाली. कॅलिपरसाठी दोन खिळे पुरतात. चक (लाकूड पकडणारा जबडा) आणि सेंटर (लाकडाला टोकाशी धरणारा टोकदार आधार) यांच्यासाठी जाळीच्या बुडाचा लहान खण करावा, कारण बंद बुडाचा खण आठवडाभरात छिलप्यांनी भरतो आणि सेंटर नेमके तळाशी सापडते. चकची चावी मात्र मांडणीवर नको. ती खरादाच्या स्विचशेजारी टांगावी, म्हणजे बटण दाबण्यापूर्वी ती तेथे आहे की चकमध्येच राहिली आहे, हे दिसते.